प्रतिसाद: दाढी वाढवून शाळेत जाऊ नये

वर एकांनी लिहिलंय की कॉलेजात गेल्यावर शाळेत उगाच जाऊ नये, कुणी ओळखत नाही. अर्धं पटलं. मी पुण्यात स. प. कॉलेजला एसवायला (दुसऱ्या वर्षाला) असताना गेलो, तेही प्रेमापोटी नव्हे. जात पडताळणीसाठी प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा हवा होता. शाळा सदाशिव पेठेतच, कॉलेजातून चालत दहा मिनिटं, तरी इतके दिवस फिरकलो नव्हतो.

गेटवर शिपाईमामांनी विचारलं, "कितवीतल्या मुलाचे पालक?" (दाढी वाढवली होती, चूक माझीच.) ऑफिसात बाकावर बसून अर्ज लिहीत होतो, तेवढ्यात मराठीच्या बाई तिथून गेल्या. थांबल्या, वाकून कागद पाहिला आणि क्लार्ककाकांचं लाल पेन उचलून 'विनंति'वर गोल केला. "ती दीर्घ. आठवीतही हेच लिहायचास." नाव मात्र काही केल्या आठवेना त्यांना. शेवटी मीच सांगितलं, तर म्हणाल्या, "हो का? मला वाटलं तू त्या नावाच्या मुलाच्या शेजारी बसणारा."

मग काकांनी ते लांबलचक रजिस्टर उघडलं. पाचवीतल्या प्रवेशाची ओळ, जन्मतारीख अक्षरी, आणि आईचं नाव खोडून वर पुन्हा लिहिलेलं. त्या खाडाखोडीसमोर सही होती म्हणून निभावलं, नाहीतर आणखी चार खेपा.

कुणाला जायचं असेल तर शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स न्या. त्यावर रजिस्टर क्रमांक असतो, नाहीतर काका वर्षावर्षाची चोपडी उलटत बसतात. आणि मधल्या सुट्टीत जाऊ नका, ऑफिससुद्धा डबा खात असतं.