वॅगनआरचे हेडलाईट बल्ब बदलायचेत: पिवळे, निळसर की साधेच?

आंबोलीकर_जावई
नमस्कार मंडळी, जुनी वॅगनआर आहे, एच४ हॅलोजनवाली (अप्पर-डिप्पर एकाच बल्बमध्ये). रात्री डिप्परवर समोरचं धड दिसत नाही, पाऊस असला की रस्ता नुसता काळाकुट्ट, मधला पांढरा पट्टा पण गायब. सासुरवाडी सावंतवाडीची, त्यामुळे कोल्हापूरहून आंबोली घाटातनं जाणं-येणं चालूच असतं आणि आता गणपती आलेच. अ‍ॅक्सेसरीजवाला म्हणतो निळसर सुपर व्हाईट टाका, गाडी एकदम नवी दिसेल. मेव्हणा म्हणतो पिवळेच टाक, धुक्यात पिवळ्याशिवाय पर्याय नाही. तिसरा एकजण १००/९० वॅट (अप्पर/डिप्परचे वॅट) टाक म्हणतोय. बजेट हजार-दीड हजार. काय करू?

गॅरेजवाला_सांगली
निळसर आधी डोक्यातनं काढा. बल्ब तोच ६०/५५ वॅटचा, काचेवर फक्त निळा थर दिलेला असतो, तो थर पिवळा-लाल उजेड अडवतो आणि उरलेला बाहेर सोडतो, म्हणजे पैसे जास्त मोजून उजेड कमी घ्यायचा. काही कंपन्या उजेड भरून काढायला फिलामेंट जास्त तापवतात, मग बल्ब लवकर उडतो. ओल्या डांबरावर तर निळसर उजेड कुठं जातो कळत नाही. दुकानदार गाडी नवी दिसेल म्हणाला, रस्ता दिसेल म्हणाला का?
१००/९० पण नको. नियमात बसत नाही, कंपनीच्या वायरिंगवर टाकला तर होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची (बल्बमागच्या आरशासारख्या वाटीची) चमक जाते, आणि समोरच्याचे डोळे जातात ते वेगळंच.

धुक्यातला_डायव्हर
मी पिवळ्याच्या बाजूने. ऑल सीझन वगैरे नावानं मिळतात, ६०/५५ चेच, रंग ३००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा) आसपास. आंबोली, ताम्हिणी, वरंधा सगळीकडे पावसाळ्यात चालवतो, डोळ्याला त्रास कमी होतो हे नक्की. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत सगळ्या गाड्यांना पिवळेच हेडलाईट सक्तीचे होते, ते लोक काय येडे होते का

रिफ्लेक्टर
येडे नव्हते, पण १९९३ ला सोडून दिलं ना त्यांनी. पिवळा उजेड धुकं चिरतो म्हणतात ते काही खरं नाही. धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच परततात. पिवळ्याने डोळ्याला बरं वाटतं कारण त्यातला निळा भाग गेलेला असतो, आणि तो गेला म्हणजे थोडा उजेडही गेलाच. धुक्यात खरा फरक उजेड खाली ठेवल्याने पडतो. अप्पर मारला की समोर पांढरी भिंतच उभी राहते, डिप्परवर हळू जायचं आणि फॉगलॅम्प (बंपरमधले खालचे दिवे) असतील तर ते लावायचे. पिवळं पाहिजेच असेल तर फॉगलॅम्पमध्ये टाका, हेडलाईटला साधा क्लिअर (बिनरंगी काचेचा).


गॅरेजवाला_सांगली
रिफ्लेक्टर भाऊंशी सहमत. आणि बल्ब घ्यायच्या आधी हेडलाईटची काच बघा हो, जुन्या गाडीचं प्लास्टिक उन्हानं पिवळं पडलेलं असतं, पॉलिश करून घेतलं की तोच जुना बल्ब पण बरा वाटतो. मग इंजिन चालू ठेवून, लाईट लावून होल्डरवर व्होल्टेज मोजा. वायरिंगमध्ये दहा टक्के व्होल्टेज पडलं की हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्के पडतो, लोक मात्र बल्बला शिव्या घालत बसतात. तसं निघालं तर रिले किट (बॅटरीतनं थेट हेडलाईटला वीज देणारं वायरिंग) टाकून घ्या.

आंबोलीकर_जावई
काच पिवळट आहेच की राव, लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे पॉलिश + क्लिअर ६०/५५. बल्ब घरी बदलता येतो का? आणि एलईडी?

रिफ्लेक्टर
येतो. मागचा कपलर (वायरचा प्लग) काढा, रबरी बूट (बल्बमागचं झाकण) काढा, स्प्रिंग क्लिप सोडा, तीन पायांचा बल्ब एकाच पद्धतीने बसतो. काचेला बोट लावू नका, तेलकट डाग राहिला की ती जागा तापून बल्ब जातो, लागलंच तर स्पिरिटनं पुसा. दोन्ही बल्ब एकदम बदला. बूट नीट बसवा नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी. नंतर सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावून डिप्पर बघा, वरची कड सरळ पाहिजे आणि डावीकडे थोडी वर चढलेली, वाकडी दिसली तर बल्ब तिरका बसलाय.
एलईडी या रिफ्लेक्टरमध्ये नको, हॅलोजनसाठी बनवलेला आहे तो, उजेड कुठंही फेकतो.

धुक्यातला_डायव्हर
बरं बाबा, फॉगलॅम्पला पिवळा, मान्य. पण गणपतीला मागे तिघं आणि डिकी फुल असणार, गाडीचं नाक वर होतं तेव्हा. लेव्हलिंगचा (हेडलाईटचा उजेड खाली-वर करणारा) ० ते ३ वाला स्विच असेल तर २ वर ठेवा, नाहीतर घाटात समोरचा एसटीवाला शिव्या देत जाईल.

आंबोलीकर_जावई
स्विच आहे! आजपर्यंत कशाला असतो तेच माहीत नव्हतं. रविवारी पॉलिश करून घेतो, मेव्हण्याला फॉगलॅम्पचा खर्च लावतो 😀