तारखांचा घोळ: बदलायचे काय, संगणकाची मांडणी की आपली लिहिण्याची सवय?

आस्थापना शाखा: हजेरी यंत्रातून निघणारी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराची) फाइल आमच्याकडे एक्सेलमध्ये थेट उघडली, की ५ जुलैची ०५/०७/२०२४ ही नोंद ७ मे होऊन बसते. १३/०७/२०२४ मात्र जशीच्या तशी दिसते, कारण तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल तिला तारीख न मानता निव्वळ मजकूर समजते आणि रकान्यात डावीकडे लावते. परिणामी महिन्याचे पहिले बारा दिवस चुकतात (७ जुलै तेवढी योगायोगाने बरोबर येते) आणि उरलेले दिवस तारखेच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) सापडतच नाहीत. संगणकाची प्रादेशिक मांडणी, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या हे ठरवणारी व्यवस्था, अमेरिकी इंग्रजीची (महिना आधी, मग दिवस) असल्यामुळे हे घडते. माझे मत असे, की यंत्रातील आणि हाताने केलेल्या सर्व नोंदी २०२४-०७-०५ अशा, वर्ष आधी लिहून, करण्याचा कार्यालयीन नियमच असावा. तारखा लिहिण्याचे आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हाच क्रम सांगते.

लेखा शाखा: मी असहमत आहे. आपल्याकडे दाखल्यांपासून धनादेशावरील चौकटींपर्यंत दिवस, महिना, वर्ष हाच क्रम रुळलेला असताना, एका चुकीच्या मांडणीपायी साऱ्या कर्मचाऱ्यांचा हात बदलायला लावणे म्हणजे जोडा चावतो म्हणून पाय कापण्यासारखे आहे. विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडावे. मजकूर झालेल्या तारखांसाठी एक्सेलच्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ या सोयीतील तिसऱ्या पायरीवर ‘डीएमवाय’ (दिवस, महिना, वर्ष) निवडले की काम होते.

आस्थापना शाखा: मजकुराचे काम होते, हे खरे. परंतु ज्या तारखा आधीच उलटल्या आहेत, त्यांचे काय? एक्सेल तारीख नव्हे, दिवसांच्या मोजणीचा क्रमांक साठवते: ५ जुलै २०२४ म्हणजे ४५४७८ आणि ७ मे म्हणजे ४५४१९. दुसरा क्रमांक एकदा साठला, की रकान्याचे स्वरूप कितीही बदलले तरी तो मे महिनाच दाखवणार. तेथे मूळ फाइल ‘डेटा’ टॅबमधून पुन्हा आणणेच खात्रीचे. शिवाय संगणक बदलला, की आपण सुचवलेली मांडणी पुन्हा शून्यापासून करावी लागते.

निवृत्तिवेतनाचे काम पाहणारा: क्रमाच्या या वादात एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. सेवानिवृत्तीची तारीख ३१/०५/३२ अशी लिहिली, तर अनेक संगणकांवर एक्सेल ती ३१ मे १९३२ धरते, कारण तेथे ०० ते २९ हे आकडे २००० नंतरचे आणि ३० ते ९९ हे १९०० नंतरचे मानले जातात. म्हणजे सेवेत असलेला कर्मचारी स्वतःच्या जन्माआधीच निवृत्त होतो! येथे प्रादेशिक मांडणी भारताची असूनही उपयोग होत नाही. चार आकडी वर्षाची सक्ती आधी करा.

लेखा शाखा: चार आकडी वर्ष मान्य. पण वर्ष आधी लिहिलेले पगारपत्रक वरिष्ठांपुढे गेले, तर ते शेरा मारून परत येईल, हे मी अनुभवाने सांगतो.

आस्थापना शाखा: छापील प्रतीत आपलाच क्रम ठेवावा, त्याला माझी हरकत नाही; ते काम रकान्याचे स्वरूप करते. नोंद करताना मात्र वर्ष आधी, यावर मी ठाम आहे.