शिवाजी पार्क: जागा वाढली, महिना जड झाला
'पुनर्विकासात शिवाजी पार्ककरांची चांदी झाली' असं सर्रास म्हटलं जातं, पण पागडीवाल्यांचं, म्हणजे घरमालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यात राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंचं, तसं नाही. माझ्या मावशीची इमारत १९४०च्या आसपासची, तीन मजली. पागडीची जागा विकली की साधारण तिसरा हिस्सा घरमालकाचा, म्हणून तिने कधी विकली नाही. आता टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर घर मिळालंय, पण मेंटेनन्सलाच निम्मी पेन्शन जाते. पूर्वी ती गॅलरीतून दोरीने टोपली सोडून भाजी वर घ्यायची, संध्याकाळी कट्ट्यावर मैत्रिणी. आता खाली उतरायचाच कंटाळा करते, याचं फार वाईट वाटतं. बिल्डरशी करार करताना चौरस फुटांइतकंच कॉर्पस फंडावरही (पुढच्या खर्चासाठी बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) भांडा. त्याच्या व्याजात मेंटेनन्स भागतो का, ते सहीआधी कागदावर मांडून बघा.