मदत हवी आहे: रिमोट नाही, राउटरही बदलला, अँड्रॉइड टीव्ही नव्या वाय-फायला कसा जोडायचा?

43 इंची अँड्रॉइड टीव्ही, भिंतीवर लावलेला. फोनमधल्या गूगल टीव्ही ॲपचा रिमोट चालत नाही, कारण फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर लागतात आणि टीव्हीला अजून जुनंच नेटवर्क माहीत आहे. लोगोखाली एकच बटण: हलकं दाबलं की पर्याय पुढे सरकतो, दाबून धरलं की निवड. त्यात आवाज, चॅनल, सोर्स, बंद इतकंच. सेटिंग्ज नाहीतच!

यूएसबी माउस ओळखला जातो (डावं क्लिक ओके, उजवं बॅक). पण टीव्ही सुरू होताच सेट टॉप बॉक्सच्या एचडीएमआयवर जातो आणि तिथून उजव्या क्लिकनेही होम (मुख्य स्क्रीन, जिथून सेटिंग्ज उघडतात) येत नाही.

आता विचार असा: दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला जुन्या राउटरचंच नाव-पासवर्ड द्यायचा, लहान-मोठ्या अक्षरांसकट तंतोतंत, म्हणजे टीव्ही त्यालाच जुनं नेटवर्क समजून आपोआप जोडला जाईल. बँड 2.4 गिगाहर्ट्झ, सुरक्षा (वाय-फायच्या पासवर्डची पद्धत) डब्ल्यूपीए2. 5 गिगाहर्ट्झ किंवा डब्ल्यूपीए3 ठेवलं तर जुना टीव्ही जोडला जाणार नाही अशी शंका आहे.

जाणकारांनी सांगावं:
हॉटस्पॉट देणाऱ्याच फोनवरून ॲपचा रिमोट चालतो का, की त्यासाठी वेगळा फोन लागतो? ॲप जोडताना टीव्हीवर येणारा कोड एचडीएमआयच्या चित्रावरही दिसतो का? यूएसबी कीबोर्डवर विंडोज बटण आणि एंटर एकत्र दाबून होम आलंय का कुणाकडे?

'नवीन रिमोट घ्या' हे ठाऊक आहे, पण साधा इन्फ्रारेड घेतला तर होमचं बटण चालेल ना? ब्लूटूथवाला आधी पेअर करावा लागतो, म्हणून विचारतोय.