मदत हवी आहे: पुराचं पाणी जाणाऱ्या ओढ्यात भराव टाकून प्लॉट पाडलेत, दाद कुठं मागायची?

नमस्कार. आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णेच्या काठावरचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे चाललंय ते आमच्याच भाऊकीत चाललंय. मला कुणाची बदनामी करायची नाही, पण गप्प बसणंही आता जमेना. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

नदी आणि गावठाण यांच्या मधे आमच्या भाऊकीची मळी, म्हणजे काठची गाळाची जमीन आहे. त्यातला साडेतीन एकराचा तुकडा चुलत दिरांच्या वाटणीचा, त्याला लागून मागं आमचा ऊस. दोन्हींच्या मधून एक ओढा जातो. उन्हाळ्यात कोरडा असतो. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच्यातनं वैरणीची भरलेली गाडी जायची, एवढा रुंद. बाहेरच्या माणसाला वाटतं पूर म्हणजे नदी समोरून गावात शिरते. आमच्याकडं तसं होत नाही. नदी फुगली की पाणी आधी या ओढ्यातनं उलटं वर चढतं, गावाच्या मागच्या अंगाला पोचतं, आणि मग समोरून. उतरतानाही त्याच वाटेनं उतरतं. गावातलं पावसाचं पाणीसुद्धा यातूनच नदीला जातं, दुसरी वाट नाही.

2005 चा पूर मी बघितला नाही, 2019 आणि 2021 चा बघितला. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी 45 फूट. आमच्या स्वयंपाकघरात कट्ट्याच्या वर पाणी होतं. धाकटा तेव्हा दोन वर्षांचा. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली, त्याच दिवशी आम्हालाही बोटीनंच बाहेर काढलं. बोटीत बसताना सासूबाईंनी माझ्या हाताला पदराची गाठ मारून ठेवली होती. त्या दिवसाबद्दल एवढंच लिहवतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मुरमाचे डंपर यायला लागले. आम्हाला वाटलं रस्ता करतायत. आठ दिवसांत मळी चार-साडेचार फूट उचलली, ओढ्याचा दीडेकशे फूट भाग बुजवला आणि खालून सिमेंटचे दोन नळे टाकले. मी स्वतः टेप घेऊन मोजले, दोन-दोन फुटांचे आहेत. ज्या वाटेनं वैरणीची गाडी जायची तिथं आता दोन फुटांचे नळे, आणि त्यातल्या एकात आत्ताच उसाचा पाला अडकलाय. वर फक्कीनं रेघा मारल्यात, खुंट्यांना लाल फिती बांधल्यात. दीड-दोन गुंठ्यांचे चाळीसेक प्लॉट. दारात फलक लावलाय, त्यावर ‘एनए प्रस्तावित’, म्हणजे जमीन बिगरशेती व्हायचीय, असं लिहिलंय. जमीन दिरांची, पैसा आणि माणसं बाहेरच्या एका विकासकाची.

दिरांशी यजमान बोलले. त्यांचं म्हणणं, ‘दोन पोरींची लग्नं काढायचीत, सोसायटीचं कर्ज थकलंय, पुरानं दोनदा ऊस कुजवला, मग रान ठेवून करू काय?’ त्यांची अडचण खोटी नाही. आम्ही पण तेच दोन पूर सोसलेत. ग्रामपंचायतीत विचारलं तर ‘अर्ज द्या, बघू’. अर्ज दिला, पोच घेतली, अडीच महिने झाले, उत्तर नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. मागच्या रविवारी एक वयस्कर जोडपं प्लॉट बघायला आलं होतं. उन्हाचं फिरून दमले, आमच्या दारात पाणी मागितलं. मी तांब्या आणून दिला. बाई म्हणाल्या, दोघंही मास्तरकी करून रिटायर झालो, फंडाच्या पैशातनं नदीकाठी छोटं घर बांधायचंय. आणि मला सरळ विचारलं, ‘पूर येतो का हो इथं?’ दीर आणि एजंट तिथंच उभे होते. एजंट म्हणाला, ‘आता भर टाकलीय, काही नाही येत.’ मी काहीच बोलले नाही, तांब्या घेऊन आत गेले. सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, ‘तुला इचारलं हुतं तिनं.’ तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तर विचारायचंय ते असं. ही जागा पूररेषेच्या आत आहे का, हे आमच्यासारख्यानं कुठं बघायचं? ओढा बुजवायला कुणाची परवानगी लागते, आणि तो मोकळा करून घ्यायचा तर कुठल्या दारात जायचं? आणि जून लागलाय, कोयनेतनं विसर्ग सुरू व्हायच्या आत काही होऊ शकतं का?

प्रतिसाद, जुना मोजणीदार:

ताई, मी भूमी अभिलेखमध्ये नोकरी करून निवृत्त झालोय. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथं तारीख आहे. मामलेदार कोर्ट कायदा, 1906 चा. आपल्याकडं तो रस्त्याच्या केससाठी सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या कलम 5 मधे पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्याचाही विषय आहे. शेतजमिनीला नुकसान होत असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर तहसीलदारांना तो अडथळा काढायचा आदेश देता येतो. नुकसान होईपर्यंत थांबायची गरज नाही. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. तुमचा भराव फेब्रुवारीअखेरचा, म्हणजे ऑगस्टअखेर मुदत संपते. लोक ग्रामपंचायतीच्या उत्तराची वाट बघत बसतात आणि इथंच हुकतात. दावा गावाच्या नावानं नको, तुमच्या उसाच्या गटाच्या नावानं करा. तुमचं रान वरच्या अंगाला आहे आणि पाणी तुंबणार ते तुमच्याच सरीत, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात यायला पाहिजे.

आता पुरावा. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. जुन्या नकाशात ओढे-नाले दाखवलेले असतात. दोन्ही गटांचे सातबारे लावा, पोटखराब्याचं, म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून नोंदलेलं क्षेत्र बघा, ओढ्याखालची जमीन बऱ्याचदा तिथं दडलेली असते. नळ्यांचे फोटो टेप लावून घ्या. तुम्ही मोजलंत ते फार चांगलं केलंत.

पूररेषेचं काम जलसंपदाकडं असतं. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथं नवं घर बांधता येत नाही. निळी ते लाल हे नियंत्रित, तिथं जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर ठेवण्यासारख्या अटी असतात. तुमचा गट कुठं येतो, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखलाही मागा. आणि मुरूम कुठून आला, त्याची रॉयल्टी भरली का, हे तहसीलच्या गौण खनिज शाखेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रतिसाद, माहेर विटा:

मी दुसऱ्या बाजूची. आम्ही असाच दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला होता, नदीकाठी नव्हे, रस्त्याकडेचा. ‘एनए प्रस्तावित’ हे दोन शब्द आमच्याही फलकावर होते. नोटरीवर व्यवहार झाला, सातबाऱ्याला नाव चढलं नाही, बँकेनं कर्ज नाकारलं. पैसे सात वर्षं अडकलेत. त्या बाईंना कुणीतरी सांगा हो. आम्हाला कुणी सांगितलं असतं तर मिस्टरांचे फंडाचे पैसे तरी वाचले असते.

प्रतिसाद, संथ वाहते:

वर आलंय त्यात थोडी भर. प्लॉटिंगची एकूण जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, म्हणजे ढोबळमानानं पाच गुंठ्यांच्या वर, तर महारेराची (बांधकाम आणि प्लॉटिंगच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी लागते आणि नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. तुमचं तर साडेतीन एकर आहे. फलकाचा फोटो काढून महारेराच्या संकेतस्थळावर तो प्रकल्प आहे का बघा. नसेल तर तक्रार तिथं करा. ती मुख्यतः विकासकाच्या विरुद्ध होते, पण जमीनमालकही त्यात ओढला जाऊ शकतो, हे तुमच्या घरासाठी लक्षात ठेवा.

2019 च्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनंही पूरपट्ट्यातली बांधकामं आणि अतिक्रमणं यावर बोट ठेवलं होतं. अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख करा, जास्त नको. ग्रामसभेतही विषय लेखी द्या, सभेच्या आधी, म्हणजे विषयपत्रिकेवर येईल. तोंडी बोललेलं इतिवृत्तात उतरेलच असं नाही.

एक प्रामाणिकपणे सांगतो. दिरांना आधी सांगून मग दावा करा. नोटीस हातात पडल्यावर कळलं तर पुढं दहा वर्षं बोलणं बंद होईल. नळ्यांऐवजी ओढ्याची मूळ रुंदी मोकळी ठेवायला ते तयार झाले, तर तडजोडही तहसीलदारांसमोर लेखी होऊ शकते.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय, कारण काही कामं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

गाव नकाशा मिळाला. ओढा त्यात आहे, नदीपर्यंत सलग. यजमानांनी तो कागद घडी न करता नळकांडं करून आणला, आणि सासूबाईंनी चष्मा लावून त्याच्यावर बोट फिरवत आमचा गट, दिरांचा गट, पाणंद, मारुतीचं देऊळ सगळं दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. महारेरावर प्रकल्प सापडला नाही, तिथं तक्रार केली.

दिरांकडं मीच गेले, नकाशा घेऊन. आधी चिडले. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, विकासकाकडनं उचल घेतलीय, ती मोडलीय, आता मी मागं कसा येऊ? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ‘भाऊजी, आम्ही दावा करतोय, तुमच्यावर राग धरून नाही,’ एवढं सांगून आले. जाऊबाई बाहेरपर्यंत सोडायला आल्या, बोलल्या काही नाहीत.

कलम 5 चा दावा परवा दाखल केला. आमच्या गटाच्या नावानं, अगदी सांगितला तसा.

त्या बाईंचा नंबर मिळाला. पाणी पिताना त्या म्हणाल्या होत्या की त्यांची भाची शेजारच्या गावात अंगणवाडीवर आहे, तिच्याकडनं घेतला. फोन केला. म्हटलं, तुम्ही मला विचारलं होतं तेव्हा मी बोलले नाही. पूर येतो, माझ्या कट्ट्याच्या वर आला होता. पलीकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, इसार दिलाय, पन्नास हजार. पावती आहे का विचारलं, तर आहे म्हणाल्या. विटेकर ताई, तुमची हरकत नसेल तर त्यांना तुमच्याशी बोलायचंय. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अजून एक विचारायचं राहिलं. स्थळपाहणीला तहसीलदार येतील तेव्हा ओढ्याची जुनी रुंदी सांगायला सासूबाई उभ्या राहतो म्हणतायत. 2005 चं पाणी कुठून चढलं आणि कुठून उतरलं, ते त्यांनी बघितलंय. वय 74, सही येत नाही, अंगठा आहे. त्यांचा जबाब आधीच प्रतिज्ञापत्र करून दाव्याला जोडावा, की पाहणीच्या दिवशी जागेवर पंचनाम्यात घ्यायला सांगावं? मोजणीदार काका, तुम्ही सांगाल तसं करते.