चार्ली वॉट्स गेला. भाच्याला त्याचं नेमकं काय ऐकवू?

रिमशॉट | २५ ऑगस्ट २०२१

काल रात्री बातमी आली. चार्ली वॉट्स गेला. लंडनच्या इस्पितळात, घरची माणसं जवळ असताना, वयाच्या ८०व्या वर्षी. जानेवारी १९६३ पासून रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडच्या ड्रम्समागे हाच माणूस बसत होता.

याच महिन्याच्या ५ तारखेला कळलं होतं की अमेरिकेच्या दौऱ्याला तो जाणार नाही. तेव्हा निवेदनात त्याने स्वतःच म्हटलं होतं की या एका खेपेला माझं टायमिंग जरा चुकलं. त्या दिवशी ते वाचून बरं वाटलं होतं, म्हटलं गडी मजेत आहे. काल तेच वाक्य जिथे तिथे फिरत होतं आणि मला ते वाचवेना.

मी ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवतो. लालबाग-परळची मंडळं, हळदी, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं. लॉकडाऊनपासून सगळं बंदच आहे, किटवर चादर टाकून ठेवलीय. आमच्यातले बहुतेक जण कधीच ऑक्टोपॅडकडे, म्हणजे ड्रम्सचे आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पॅडकडे, वळले. टॅक्सीत मावतो, माइक लावायला लागत नाहीत, मंडळालाही स्वस्त पडतो. मी किट सोडलं नाही, आणि त्याला ज्या मोजक्या माणसांचं वाजवणं कारण आहे त्यात चार्ली पहिला. कॉलेजात असताना ऱ्हिदम हाऊसमधून स्टोन्सच्या कॅसेट घ्यायचो आणि गाणं सोडून नुसते ड्रम्स ऐकत बसायचो.

७ एप्रिल २००३ ला स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. मी पार मागे उभा होतो. गायक मिक जॅगर या टोकापासून त्या टोकाला पळतोय, पब्लिक त्याच्यामागे वेडं झालंय, आणि मी पडद्यावर चार्ली कधी दिसतो याची वाट बघतोय. एवढं थोरलं स्टेज आणि त्यावर केवढंसं ते किट! पायाने वाजवायचा बेस ड्रम, कडक आवाजाची स्नेअर, वर एक टॉम (मधल्या आवाजाचा ड्रम), खाली एक फ्लोअर टॉम. जुनं लाकडी रंगाचं, ग्रेच कंपनीचं. आमच्या मंडळांच्या किटलासुद्धा याहून जास्त टॉम असतात. तो साठी ओलांडलेला माणूस पाठ ताठ ठेवून वाजवत होता, चेहरा शांत, आणि अख्खं मैदान त्याच्या हातावर हलत होतं.

आता प्रश्न. माझा भाचा सतरा वर्षांचा आहे, ठाण्यात क्लासला जातो, मेटल वाजवतो. बेस ड्रम दोन्ही पायांनी वाजवायच्या डबल पेडलवर पाय असा चालतो की मला अभिमान वाटतो. काल मी गप्प बसलेला बघून त्याने चार्लीची तीन-चार गाणी ऐकली आणि अगदी मनापासून म्हणाला, "मामा, हे तर मी पहिल्या महिन्यात शिकलो. यात ग्रेट काय आहे?"

मला सांगता आलं नाही. गळा भरून आला होता म्हणूनही असेल. जाणकारांनो, त्याला कुठली गाणी ऐकवू, आणि त्यात कशाकडे कान लाव म्हणून सांगू?

विलंबित | २५ ऑगस्ट

रॉक मला परका. मी तबला वाजवतो, बरीच वर्षं संगत केली आहे. तुमचं वाचून आज दुपारी दोन गाणी ऐकली, तेवढ्यावर लिहितो.

भाच्याला सांगा की मुंबई-पुण्यात लग्गी-लडी, तिहाया, कायदे वाजवणारी मुलं ढिगाने मिळतात. पण विलंबित एकतालाचा ठेका मध्ये काहीही न भरता, गायकाला कुठेही न टोचता अर्धा तास धरून ठेवणारा माणूस शोधायला गेलात तर फोन करून करून थकाल. गायक अशांनाच नाव घेऊन बोलावतात. तुमचा चार्ली त्यातला वाटला. साठ वर्षं एकाच गायकाला तोच संगतकार पुरला, यातच सगळं आलं.

काठी_आणि_कातडं | २५ ऑगस्ट

रिमशॉटदादा, मी पुण्यात ड्रम्स शिकवते. क्लासमध्ये तुमच्या भाच्यासारखी मुलं येतात आणि हाच प्रश्न विचारतात. मी त्यांना आधी गाणं ऐकवत नाही. चार्लीचा कुठलाही लाइव्ह व्हिडिओ लावते, आवाज बंद करते आणि म्हणते, फक्त उजवा हात बघा.

साध्या रॉक तालात उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) आठ ठोके सलग मारतो, डावा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअरवर पडतो. म्हणजे त्या दोन मात्रांना दोन्ही हात एकदम खाली येतात. आपण सगळे असंच शिकलो. चार्लीचा उजवा हात त्या क्षणी खाली येतच नाही. मनगटातून वर उचलला जातो, स्नेअर एकटी वाजते, मग हात परत हाय-हॅटवर. आठातले दोन ठोके त्याने गाळलेले असतात. स्नेअरवर पितळेची किणकिण चढत नाही, म्हणून ती इतकी स्वच्छ कानावर येते. आणि हात उचलून परत यायला जो क्षणाचा अंश लागतो, त्यात तालाला एक झोका मिळतो. कागदावर हा झोका लिहिता येत नाही, मी प्रयत्न केलाय.

भाच्याला बसवा आणि हे करायला लावा. ठोके वाढवणं सोपं आहे हो. आठांची सवय झालेल्या हाताला दोन गाळायला लावलं की सगळा ताल कोलमडतो.

दुसरं म्हणजे त्याचा डावा हात. काठी तळव्यातून आडवी, जॅझवाले धरतात तशी. तो मुळात जॅझचाच माणूस. वडील रेल्वेच्या लॉरीवर ड्रायव्हर. पोराने हातात आलेल्या बँजोची मान काढून टाकली आणि त्या कातड्यावर ब्रशने वाजवायला लागला, कारण चिको हॅमिल्टनला ब्रशने वाजवताना ऐकलं होतं. चार्ली पार्करवर चित्रांचं एक छोटं पुस्तकही त्याने काढलं होतं. स्टेडियममध्ये रॉक वाजवताना त्याच्या हातात तो जॅझ क्लबचा हलकेपणा कायम राहिला. माझ्या मते स्टोन्स इतर गिटार बँडसारखे जड झाले नाहीत ते यामुळेच.

आता गाणी.

'हाँकी टाँक विमेन', १९६९. सुरुवातीची काउबेल निर्माता जिमी मिलर वाजवतोय, मागून चार्ली येतो, मग कीथ रिचर्ड्सची गिटार. पहिलं कडवं आणि शेवट लागोपाठ ऐकवा. लय स्पष्ट चढलेली आहे. आज कानात एकसारखी लय देणारी क्लिक लावून रेकॉर्ड केलं असतं तर ही चढण गेली असती आणि गाण्यातली धुंदीही.

'सॅटिस्फॅक्शन', १९६५. स्नेअर चारही मात्रांवर. मध्ये कुठेही शोभेचं काही नाही.

मग 'स्टार्ट मी अप'. गिटार सुरू होते, चार्ली आत येतो आणि क्षणभर 'एक', म्हणजे पहिली मात्रा, कुठे आहे तेच कळत नाही. पुढच्या क्षणी सगळं जागेवर. भाच्याला पायाने ती 'एक' धरायला सांगा, गंमत येईल.

एक सावधगिरी. 'यू कान्ट ऑलवेज गेट व्हॉट यू वॉन्ट' काल आमच्या ग्रुपवर चार्लीची आठवण म्हणून फिरत होतं. त्यात ड्रम्सवर मिलर आहे. चार्लीच्या नावावर दुसऱ्याचं वाजवणं नको, त्याला ते आवडलं नसतं.

बॉन्झोचा_भक्त | २६ ऑगस्ट

चार्लीला मनापासून श्रद्धांजली. मी लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनमचा माणूस, तरी काल रात्रभर स्टोन्सच ऐकले. ॲमस्टरडॅमच्या हॉटेलात जॅगरला ठोसा मारल्याचा तो १९८४ चा किस्सा दोन दिवस सगळे सांगताहेत. कीथने लिहिलाय म्हणजे असेलही, पण एवढ्या सभ्य माणसाच्या जाण्यावर तेवढंच आठवावं याचं वाईट वाटतं.

मला एक गोष्ट खटकते. सप्टेंबर १९८० मध्ये बॉनम गेला आणि डिसेंबरात लेड झेपलिनने थांबत असल्याचं जाहीर केलं. त्याच्याशिवाय आम्ही तो बँड नाही, असा तो अर्थ होता. स्टोन्सचा दौरा २६ सप्टेंबरला सेंट लुइसमध्ये सुरू होणार आणि तो पुढे चालू राहील असंच दिसतंय. त्या ग्रेचच्या जागी दुसरा माणूस बसलेला मला बघवणार नाही.

मिसुरीकर | २६ ऑगस्ट

मी मूळचा सांगलीचा, आता सेंट लुइसला असतो. त्या २६ सप्टेंबरचीच तिकिटं माझ्याकडे आहेत. दौरा खरं तर गेल्या वर्षी व्हायचा होता, कोरोनामुळे पुढे गेला. एक वर्ष आधी झाला असता तर चार्ली दिसला असता, हे डोक्यातून जात नाही. बायको म्हणते जा, माझा पाय निघत नाहीये.

इथे एक सांगावंसं वाटतं. १९६७ पासून दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात तो झोपला, तिथल्या प्रत्येक पलंगाचं रेखाचित्र त्याने काढून ठेवलंय. बाकीच्यांच्या रात्री कशा जात ते जगाला माहीत आहे, हा खोलीत बसून पलंग काढायचा. १९६४ मध्ये शर्लीशी लग्न केलं ते शेवटपर्यंत. डेव्हनमध्ये दोघांनी अरबी घोडे पाळले. म्हणजे दादा, त्या वह्यांत मुंबईतल्या पलंगाचंही चित्र असणार. त्याच दौऱ्यातल्या बेंगळुरूच्याही. ब्रेबॉर्नवरून परत जाऊन त्याने ते काढलं असेल, हे मनात आलं आणि मी ऑफिसमध्ये डोळे पुसले.

जावं का मी?

रिमशॉट | २९ ऑगस्ट

सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे आणि विलंबितरावांचे.

आज भाच्याला बोलावलं. किटवरची चादर काढली, डबल पेडल बाजूला ठेवलं, वरचे दोन टॉम उतरवले. आवाज बंद करून व्हिडिओ दाखवला. तिसऱ्या मिनिटाला तो स्वतःच म्हणाला, "मामा, हा हाय-हॅट सोडतोय!" मग बसला वाजवायला. हात उचलला की पाय अडखळे, पाय सांभाळला की हात जुन्या सवयीने खाली येई. चिडला, काठ्या टाकल्या, पाणी पिऊन परत बसला. संध्याकाळी चार आवर्तनं सलग जमली तेव्हा स्नेअरचा आवाज खोलीत असा मोकळा निघाला की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. "पहिल्या महिन्यात शिकलो" हे तो आता म्हणत नाही. जाताना 'हाँकी टाँक विमेन' मोबाइलवर घेऊन गेला आणि रात्री मेसेज आला की शेवटी लय किती चढली ते मोजतोय.

विलंबितराव, तुमचं ते गायकांनी नाव घेऊन बोलावणं त्याला फार पटलं. आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांना गाणं संपताना रोल, म्हणजे भराभर ठोक्यांची सर, मारून टाळ्या घ्यायची खोड असते, मला गायिका त्यासाठीच शाबासकी देतात. कार्यक्रम सुरू झाले की पहिल्या कार्यक्रमात रोल न मारता वाजवायचं ठरवलंय, चार्लीसाठी.

बॉन्झोभाऊ, तुमचं दुःख कळतं. झेपलिनने केलं ते त्यांच्या जागी योग्यच होतं. पण ५ तारखेचं निवेदन परत वाचा. लोकांनी आधीच तिकिटं काढून ठेवलीत, त्यांचा पुन्हा हिरमोड नको म्हणून मीच माझ्या मित्राला, स्टीव्ह जॉर्डनला, माझ्या जागी बसायला सांगितलंय, असं चार्लीने त्यात म्हटलंय. ती खुर्ची त्याने स्वतः दिलीय. जॉर्डन कीथबरोबर त्याच्या वेगळ्या बँडमध्ये वाजवत आलाय, कीथची गिटार त्याच्या अंगवळणी आहे.

म्हणून मिसुरीकर, तुम्ही जा. जॉर्डनला त्या रात्री किती जड जाईल विचार करा, त्याला समोर जाणती माणसं हवीत. आणि आल्यावर इथे सविस्तर लिहा. स्नेअरच्या मात्रेला तो हाय-हॅट सोडतो की स्वतःच्या पद्धतीने वाजवतो, ते मला आणि भाच्याला दोघांनाही हवंय.