मदत हवी आहे : रोजच्या अर्ध्या तासात 'पोर्टल २' खेळता येईल का?

नमस्कार.

मी नागपुरात धरमपेठेत राहतो आणि मिहानमध्ये नोकरी करतो. सकाळी निघून, सीताबर्डीला मेट्रो बदलून खापरी गाठायचे आणि घरी परतायला रात्रीचे आठ वाजायचे, असा दिनक्रम आहे. जेवण, मुलीचा अभ्यास आणि कूलरमध्ये पाणी भरणे उरकल्यावर साडेदहानंतर जेमतेम अर्धा तास हाती लागतो.

गेल्या महिन्यात व्हॉल्व्ह कंपनीचा २००७ चा 'पोर्टल' हा कोड्यांचा व्हिडिओ गेम लॅपटॉपवर पूर्ण केला. हातातल्या बंदुकीने नेम धरून भिंतीवर एक निळे आणि एक नारिंगी दार उघडायचे, एकातून शिरून दुसऱ्यातून निघायचे, एवढीच त्यातली युक्ती. पण उंचावरून जमिनीवरच्या दारात उडी घेतली की पडण्याचा वेग तसाच टिकतो आणि भिंतीतल्या दारातून आपण आडवे फेकले जातो. हे पहिल्यांदा जमले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. खेळ वेगवेगळ्या कक्षांत विभागलेला, शिवाय संगणकावर हवे तेव्हा सेव्ह करण्याची सोय, त्यामुळे कमी वेळ असणाऱ्यांना हा सोयीचा पडेल असे मी धरून चाललो होतो.

अडचण निराळीच निघाली. सेव्ह केल्याने मी कुठे उभा होतो ते जपले जाते, मी काय विचार करत होतो ते नाही. एका रात्री ठोकळा बटणावर ठेवून, दोन्ही दारे लावून, उत्तर अगदी जवळ आलेले असताना मुलगी रडत उठली आणि मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी ते नारिंगी दार त्या कोपऱ्यात मी का लावले होते, हेच आठवण्यात वीस मिनिटे गेली. कधी उत्तर कळलेले असते, पण थकलेल्या हाताला हवेत असताना नेम साधत नाही, आणि तीच उडी सात-आठ वेळा मारावी लागते.

१९८४ पासूनच्या 'टेट्रिस'मध्ये हा प्रश्न येत नाही, कारण कालचे काहीच लक्षात ठेवावे लागत नाही. मात्र कोडे उमगल्याचा तो आनंदही त्यात मिळत नाही. २०१० चा 'लिंबो' हा कोड्यांचाच गेम मला सोपा गेला, कारण त्यातली बरीचशी कोडी आटोपशीर आहेत आणि मेल्यावर फार मागे जावे लागत नाही.

आता २०११ चा 'पोर्टल २' घ्यावा असे मनात आहे. त्यात उसळी देणारे आणि वेग वाढवणारे रंगीत द्रव, प्रकाशाचे पूल वगैरे नव्या गोष्टी आहेत, म्हणजे एका कक्षात डोक्यात धरून ठेवायच्या बाबीही वाढणार. ज्यांनी तो नोकरी सांभाळून खेळला आहे, त्यांनी कृपया सांगावे की त्यातला एखादा मध्यम कक्ष एका बैठकीत संपतो का, आणि अर्धवट सोडावा लागला तर तुम्ही वहीत आकृती काढून ठेवता की दुसऱ्या दिवशी कक्ष मुळापासून सुरू करता. दोघांनी मिळून खेळायच्या भागाबद्दलही विचारायचे आहे, कारण अमरावतीचा माझा भाऊ तयार आहे, पण दोघांच्या वेळा जुळून अर्धा तासच मिळेल.

कोड्यांची उत्तरे मात्र कृपया येथे लिहू नयेत.